बिनबत्तीचा फोटो

आयुष्यात ज्या वस्तूंचा मला मनापासून तिटकारा आला, त्यांत माझ्या पहिल्या फ्लॅशगनचा नंबर फार वर लागेल. आज कोणी जुन्या कॅमेऱ्यांच्या आठवणीने गहिवरून बोलायला लागला की त्याच्या खांद्यावर तो डबा अडकवून त्याला वरंध घाटात चालायला लावावंसं वाटतं. पहिल्या वळणावर गहिवर उतरेल.

मुंबईच्या एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने ती टाकून दिली होती. टाकून दिली म्हणजे मला विकली. माझा चुलतभाऊ तिकडे नोकरीला होता. त्याने ती चटईत गुंडाळून एस.टी.ने महाडला आणली आणि पुढे कित्येक वर्षं हे उपकार मला ऐकवले. ताटलीएवढी चकचकीत तबकडी, तिच्या मध्ये बल्ब, खाली धरायला दांडी, दांडीतून निघालेली जाड वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला खांद्यावर घ्यायचा बॅटरीचा डबा. आत मोटारीला असते तसली पाण्याची बॅटरी, फक्त आकाराने लहान. डबा जरा कलला की आम्ल झिरपायचं. माझ्या एकूण एक पॅंटींना डाव्या मांडीवर भोकं होती आणि बायको ती रफू करता करता माझ्या धंद्याचा उद्धार करायची.

बटण दाबलं की डब्यातून चिलटासारखा बारीक आवाज निघायचा, तो चढत चढत जायचा आणि शेवटी दांडीमागचा लाल दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे फ्लॅश तयार, असं समजणारा हमखास फसायचा. त्यानंतरही थोडा दम धरावा लागे, नाहीतर उजेड अर्धाच पडे. पावसाळ्यात डबा कोपऱ्यात पडून राही आणि महाडच्या ओलीत आतला वीज साठवणारा कंडेन्सर आळसावून जाई. मग दसऱ्याच्या सुमाराला त्याला जागं करायचं, म्हणजे भरायचा, भिंतीकडे तोंड करून उडवायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा उडवायचा. शेजारचा पानवाला विचारायचा, "भिंतीचं लग्न ठरलं काय?"

हेही मी सोसलं असतं. सोसवत नव्हती ती त्या यंत्रावरची लोकांची भक्ती. माझं फोटोचं दुकान चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मार्चमध्ये गावोगावची आमची माणसं पांढऱ्या कपड्यांत तळ्यावर यायची आणि भर दुपारी पायऱ्यांवर कुटुंबासकट फोटोला उभी राहायची. ऊन असं की डोळे उघडे ठेववत नाहीत, पाणी चकाकतंय, धुतलेली लुगडी चकाकतायत. त्या उन्हात फ्लॅशला काडीचं काम नव्हतं. पण बत्ती पेटली नाही तर कुटुंब जागचं हलायचं नाही.

"बत्ती नाय लागली रे. पुन्ना काड."

"निघाला फोटो, आजोबा."

"निघंल कसा? लाईट पडलाच नाय."

मग मी फिल्म पुढे न सरकवता नुसता उजेड पाडायचो आणि मंडळी समाधानाने पांगायची. त्यांच्यावर मी चिडायचो, पण ती चीड पायऱ्या उतरेपर्यंत टिकायची. बिचारी वर्षाकाठी एकदा फोटोला उभी राहत. त्यांना थोडा थाट हवा असेल तर माझं काय जात होतं? शिकल्यासवरल्यांना हाच आजार जडलेला पाहिला की मात्र माझं डोकं फिरायचं. डॉक्टर, वकील, हेडमास्तर, सगळे एका माळेचे मणी. डोळ्यांपुढे अंधारी आल्याशिवाय त्यांना फोटो काढल्यासारखं वाटत नसे.

या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे आमचा अध्यक्ष. बाजारपेठेत त्याचा भुसार मालाचा धंदा होता. धंद्यात नाव झालं, आता समाजात व्हावं म्हणून त्याने गोरगरिबांसाठी एक मंडळ काढलं. मंडळात तो, त्याचा कारकून आणि त्याची जीप. मुंबईचा कोणी दानशूर त्याने गाठला होता. दर गावी एका गरजू बाईला शिलाईचं पायमशीन द्यायचं, असं त्या भल्या माणसाने ठरवलं आणि पैसे पाठवले. त्याची अट एकच. प्रत्येक वाटपाचा फोटो हवा, बाईचा चेहरा स्पष्ट हवा आणि मागे तिचं घर दिसायला हवं. ते घर झोपडीच असावं, ही पुरवणी अध्यक्षाची.

पहिल्या गावी मी निमूटपणे फोटो काढला. अध्यक्षाने मशीनच्या चाकावर हात ठेवला, बाईने फळीवर ठेवला, बत्ती पेटली, टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष म्हणाला, "आता यावर दात्याचं नाव कोरून आणतो," आणि मशीन परत जीपमध्ये चढलं. बाईने मान हलवली. मला वाटलं, असेल, नाव कोरत असतील. दुसऱ्या गावी, वरंधच्या बाजूला, तोच प्रकार झाला. तेच हसू, तोच चाकावरचा हात, पुन्हा ते नाव कोरणं. महाडला येऊन मी निगेटिव्हवरचे डाग झाकायला पेन्सिल फिरवत बसलो, तेव्हा दिसलं की मशीनच्या फळीचा डावा कोपरा उडालेला आहे. पहिल्या गावची निगेटिव्ह काढून बघितली. तोच कोपरा, तसाच उडालेला. मशीन एकच होतं. गावोगाव फोटोपुरतं जाऊन येत होतं.

मी अध्यक्षाला विचारलंसुद्धा. तो जराही वरमला नाही. "अहो, टप्प्याटप्प्याने सगळ्यांना मिळणार आहे," म्हणाला आणि मलाच सबुरीवर एक भाषण दिलं. देवळाच्या घंटेसारखा स्वच्छ आवाज होता त्याचा. अशा आवाजात माणूस काहीही बोलू शकतो.

तिसरं गाव कापडे. भातकापणी उरकलेली, शेतं मोकळी. बौद्धवाडी रस्त्यापासून वर, बांधामागून बांध चढत गेल्यावर. जीप खालीच थांबली. लोखंडी पायाचं ते धूड वाडीतल्या चार गड्यांनी खांद्यावर घेतलं आणि बांधावरून पाय सांभाळत वर नेलं. मागून अध्यक्ष धोतराचा सोगा धरून, त्याच्यामागे कारकून आणि शेवटी डबा सांभाळत मी.

मशीन ज्या बाईला मिळायचं होतं तिला मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तिशी उलटलेली, किडकिडीत, फार न बोलणारी. नवरा मुंबईला गिरणीत होता आणि तिथेच दुसऱ्या एका बाईच्या घरात. इकडे दोन मुलं आणि ही. माहेरी काकाच्या मशीनवर ती शिवण शिकली होती आणि आता वाडीतल्या बायकांच्या चोळ्या-झंपर हातानेच शिवायची. मी वायर जोडत असताना तिने सहज म्हणून मला सांगितलं की पोलादपूरचा शिंपी वाडीतल्या बायांची मापं घेत नाही. पट्टी बाईच्याच हातात देतो, तिने स्वतःच धरायची, आणि हा लांबून आकडा विचारतो.

"म्हून कुनाचाच झंपर नीट बसत नाय," ती म्हणाली. "मशीन आलं का मी नीट मापं घेऊन शिवीन. वाडीला पोलादपूरला जायला लागनार नाय."

एवढं बोलताना तिचा हात मशीनच्या फळीवरून फिरत होता. मला ते बघवेना. ते मशीन संध्याकाळी कुठे असणार ते मला ठाऊक होतं.

चहा आला. अध्यक्षाला उपास होता. तासाभरापूर्वी पोलादपूरच्या स्टँडवर याच माणसाने माझ्यासमोर बटाटेवडे हाणले होते. त्याचे उपास तिथीवर नसत, वाडी बघून येत. मी त्याच्या वाटचा चहाही मागून घेतला आणि त्याच्याकडे बघत सावकाश प्यायलो.

मग भाषण झालं. "हे मशीन आज मी सर्वांसमक्ष या भगिनीच्या स्वाधीन करतो," वगैरे. भाषण संपवून त्याने चाकावर हात ठेवला आणि हसू चढवलं. मी बटण दाबलं. डब्यातून आवाज निघाला, थोडा चढला आणि मध्येच बसला. लाल दिवा काही लागेना. बांधावर डबा आडवा झाला होता, आम्ल सगळं माझ्या पॅंटीत गेलं होतं. अध्यक्षाचं हसू वाळायला लागलं.

"दाबा हो, दाबा!"

ऊन छान तिरपं होतं. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो निघाला. पण बत्ती पेटली नाही.

"लाईट नाही पडला," अध्यक्ष म्हणाला.

"नाय पडला," मागून वाडीही म्हणाली.

फोटो निघालाय, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो होतो आणि इतक्या वेळा तोंडघशी पडलो होतो की त्या दिवशी कंटाळा आला. मी तोंड मिटलं. आणखी दोन-चारदा डब्याशी खटपट केली आणि सांगितलं की बॅटरी मेली, भरून आणावी लागेल.

अध्यक्षाने मला, बॅटरीला आणि मुंबईच्या दुकानदारांना मिळून एकत्र शिव्या दिल्या. कारकुनाने हळूच विचारलं, "मशीन खाली न्यायचं?" अध्यक्षाने उतारावरचे बांध बघितले. मशीन उचलणारे गडी चहा पिऊन निवांत टेकले होते.

"राहू दे इथंच," तो म्हणाला. "परवा फोटोला यायचंच आहे. फोटो झाला की नेऊ."

हे तो सगळ्यांसमोर बोलला. सर्वांसमक्ष स्वाधीन करून दहा मिनिटं झाली नव्हती आणि "नेऊ" म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही. वाडीतली माणसं आपल्यासमोर ऐकायलाच बसलेली असतात, समजायला नव्हे, अशी त्याची खात्री होती. मी त्या बाईकडे बघितलं. ती अध्यक्षाकडे बघत होती आणि तिचा हात फळीवरून निघाला नव्हता.

महाडला येऊन मी रोल धुतला. अध्यक्षाचे मी जेवढे फोटो काढले त्यांत तो सर्वांत चांगला. एरवी माझी बत्ती माणसाच्या चेहऱ्यावर चुन्याचा हात मारायची. नाक, गाल, कपाळ सगळं एकजात पांढरं. इथे उन्हाने आपलं काम केलं होतं. बाई सरळ माझ्याकडे बघत होती. अध्यक्ष मुंबईच्या दात्याकडे बघून हसत होता. मी प्रिंट काढून वाळवली आणि खणात ठेवून दिली.

त्यानंतर जी मजा आली ती माझ्या हलकट फ्लॅशगनने मला दिलेली एकमेव मजा. अध्यक्ष "परवा" म्हणून गेला आणि परवा माझ्या दुकानात हजर. मी म्हटलं, बॅटरी चार्जिंगला दिलीय. पुढच्या खेपेला म्हटलं, बॅटरी भरली पण कंडेन्सर गेला. त्याला कंडेन्सर म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि विचारणं कमीपणाचं वाटत होतं. म्हणून तो जाणत्यासारखी मान डोलवायचा. कंडेन्सर मुंबईला गेला. तिथे मिळेना. मिळाला तर माप चुकलं. अध्यक्ष गंभीरपणे म्हणायचा, "कंडेन्सरचं फार अवघड असतं."

"बिनबत्तीचा काढू या का?" असंही मी एकदा प्रामाणिक चेहऱ्याने विचारलं.

"छे! दात्याला काय वाटेल?" तो म्हणाला. "बिनबत्तीचा फोटो म्हणजे काय, घरगुती झाला."

शेवटी तो स्वतः मुंबईला जाऊन नवा फ्लॅश घेऊन आला. तळहातात मावेल एवढा, टॉर्चच्या सेलवर चालणारा, आम्ल नाही, वायर नाही, आवाज नाही. कॅमेऱ्यावर बसवला की तयार. "तुमच्या डबड्याला आता पेन्शन द्या," म्हणाला. मी आशेने दोनदा उडवून बघितला. मेला दोन्ही वेळा चालला. माझ्याकडची सबब संपली. पुन्हा कापडे.

पुन्हा ते बांध, तो सोगा, तो कारकून आणि या खेपेला मशीन उतरवायचं म्हणून जीपचा ड्रायव्हरही. वाडीत शिरलो तर दोरीवर नवे झंपर वाळत होते. पडवीत ती मशीनवर बसली होती. एक म्हातारी समोर हात पसरून उभी आणि ती पट्टी लावून तिच्या दंडाचं माप घेत होती. म्हातारीला गुदगुल्या होत होत्या. तिचं तोंड लाजेने आणि हसण्याने पार चुरगळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिचं माप घेत असावं. आम्हाला बघून म्हातारी बाजूला झाली.

अध्यक्षाने ताबा घेतला. "चला, मागे घर येऊ द्या. भगिनी, उभ्या राहा. हात इथे."

बाई बसूनच राहिली.

"माजा फोटो काडायचा नाय," ती म्हणाली.

अध्यक्षाला वाटलं, लाजतेय. त्याने कौतुकाचं हसू काढलं. "अहो, काही होत नाही. क्षणभर लाईट पडेल, बस."

"लाईटचं भ्या नाय मला. फोटो झाला का मशीन नेनार, तुमीच बोललात. मंग फोटोच नको."

"नाव कोरून परत देणार आहोत."

"हितं कोरा. मी तवर चा टाकते."

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षाचा चेहरा लाल झाला. माझ्या मरतुकड्या दिव्यापेक्षा फार लवकर. तो माझ्याकडे वळला, "तुम्ही काढा हो, तशीच बसलेली काढा." मी कॅमेरा वर केला. तिने पदर तोंडावरून ओढला आणि पदराआडूनच शिवायला लागली. मशीनचा खडखडाट सुरू झाला. मी कॅमेरा खाली घेतला. माझ्यापुरता विषय संपला होता. बाईचा चेहरा स्पष्ट हवा, या दात्याच्या अटीची मी अध्यक्षाला नम्रपणे आठवण करून दिली.

"दुसरी कोणीतरी बसा," तो बायकांच्या घोळक्याकडे बघून म्हणाला. एक पाण्याला निघाली, एकीला पोराची आठवण झाली. म्हातारी तेवढी उभी राहिली, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याने तिला विचारलंच नाही.

"ठीक आहे. मशीन मंडळाचं आहे. उचला रे!"

कोणी उचललं नाही. त्या दिवशी ज्यांनी मशीन चढवलं ते चौघेही समोरच होते. त्यांच्यातला एक दाढी खाजवत म्हणाला, "त्या दिवशी सगळ्यांम्होरं बाईला दिलंत ना तुमी? आता तिचं सामान आमी कसं उचलायचं?" अध्यक्षाने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरची कंबर त्याच क्षणी धरली. कारकून आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग अध्यक्षाने रागाच्या भरात स्वतःच फळीला हात घातला आणि ओढलं. लोखंडी पाय जमिनीवर जरासा करकरला आणि तिथेच राहिला. बाईने शिवण थांबवलं नाही. सुई त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर खालीवर होत होती. त्याने हात काढून घेतला.

पोलिसांत जाण्याची धमकी त्याने उतरताना मला दिली, वाडीला नव्हे. तो जाणार नव्हता. गेला असता तर दात्याच्या कानावर सगळंच गेलं असतं. अर्ध्या उतारावर तो बांधावर बसला, घाम पुसला आणि एकदम दीनवाणा होऊन म्हणाला, "आता दात्याला पाठवू काय?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवशीचा आहे माझ्याकडे."

"तो कुठला? लाईट कुठे पडला होता?"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने ती प्रिंट हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग उलटी करून मागची बाजू बघितली. बत्तीशिवाय आपण कागदावर उमटलो कसे, हे त्याला त्या मागच्या बाजूला सापडणार होतं की काय कोण जाणे. मी त्याला समजावून सांगितलं नाही. काही माणसांवर शब्द खर्च करणं पाप आहे. तो फोटो मुंबईला गेला आणि मशीन कापड्यात तिला दिलं, हे दात्याच्या दप्तरी कायमचं नोंदलं गेलं. आधीच्या दोन गावांना काय मिळालं, ते मला माहीत आहे. काही नाही. ती चीड अजून गेलेली नाही.

दुसरी प्रत घेऊन मी एका रविवारी कापड्याला गेलो. खरं तर मनात मी थोडा फुगलो होतो. इतके दिवस थापा मारून आपण तिचं मशीन राखलं, ते तिला कळावं असं वाटत होतं. पडवीत बसून मी ती सगळी कंडेन्सरकथा रंगवून सांगितली. ती शिवता शिवता ऐकत होती.

"तुमी बत्ती घेऊन दुसऱ्याच दिवशी आला असतात," ती म्हणाली, "तरी मी काडू दिला नसता."

मी प्रिंट पुढे केली. तिने हात पदराला पुसून घेतली आणि उजेडाला धरली. स्वतःकडे बघितलं, मशीनकडे बघितलं.

"ह्याला कशाला घेतलात?"

तिने मशीनच्या खणातून कापडाची मोठी कात्री काढली, फोटो फळीवर सरळ ठेवला आणि अध्यक्षाला वरपासून खालपर्यंत उभा कापून काढला. रेघ मारल्यासारखा सरळ काप. तरी त्याचा हात उरला, मनगटापासून पुढचा, चाकावर ठेवलेला. ती जरा थांबली. मग कात्रीचं टोक घालून, चाकाला धक्का न लावता, एकेक बोट कापून काढलं.